सुट्टीतले फोटो : माणसं कमी, पुस्तकं फार (अनुभव लिहा)

फोनने काल आपणहून जुने फोटो समोर आणले. भिलारचे. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाताना आत वळलं की लागतं ते पुस्तकांचं गाव. २०१७च्या मे महिन्यात सुरू झालं आणि पुढच्याच उन्हाळ्यात आम्ही धडकलो. लोकांच्या राहत्या घरांत कपाटं. कुणाकडे कविता, कुणाकडे चरित्रं, एकीकडे नुसते दिवाळी अंक. आत जायचं, हवं ते काढायचं, वाचत बसायचं, पैसे नाहीत. घरातली मंडळी आपापली कामं करत असतात, तुमच्याकडे कुणी बघतही नाही. मला तर तेच सगळ्यात आवडलं.
फोटो बघून नवरा म्हणाला, यात मी कुठाय? एका फोटोत कपाटाशेजारी त्याची चप्पल आहे, दाखवली.
तुमचेही असे असतील तर लिहा. दुकान, फुटपाथ, कुणाचं कपाट, काहीही चालेल.

ओली छत्री
आम्ही भिलारला स्ट्रॉबेरी क्रीमपाशीच थांबलो. दोन पोरं सोबत असली की पुस्तकं पुढच्या जन्मी.

लोकलप्रवासी
कोलकाता, कॉलेज स्ट्रीट. गेलो होतो मेव्हण्याच्या लग्नाला. बंगाली ओ की ठो कळत नाही, तरी अख्खी दुपार तिथेच. भाव करायला गेलो तर दुकानदाराने वर न बघता पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि परत ढिगात ठेवलं. काय तो रुबाब! मग समोरच्या कॉफी हाउसात. वेटर तुरेवाल्या पगडीत, शेजारच्या टेबलावर कडाक्याचं भांडण. फुटबॉल किंवा राजकारण असावं. बायको अजून विचारते, हळदीला कुठे होतास.

अबचौ प्रेमी
@लोकलप्रवासी आमच्याकडे वेगळं काय आहे? पुण्यात तर पुस्तक विचारलं की आधी चेहरा वाचतात

ओली छत्री
😂😂 घ्या, आलं पुणं

सातासमुद्रापार
वेल्समधलं हे-ऑन-वाय. भिलारची प्रेरणा तिथलीच. रिचर्ड बूथ नावाच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने १ एप्रिल १९७७ला गाव स्वतंत्र झाल्याचं जाहीर करून स्वतःला राजा करून घेतलं. एप्रिल फूलचा मुहूर्त, पण गावाचं नाव झालं ते झालंच. किल्ल्याच्या आवारात उघड्यावर फळ्या, पुस्तक घ्या, पैसे पेटीत टाका. आई इथे आली होती तेव्हा नेलं तिला. भुरभुर पाऊस. तिने राजाबिजा काही ऐकलं नाही, "अरे भिजतायत ती, झाकायला सांग कुणाला तरी" एवढंच चाललं होतं. शेवटी स्वतःची शाल काढायला लागली. तो फोटो आहे माझ्याकडे.

धागाकर्ती
@सातासमुद्रापार काकूंना नमस्कार सांगा ❤️

माळ्यावरची
माझ्याकडे फोटोच नाही. रत्नागिरीचं आजोळ, रोल छत्तीसचा, तो मामेभावाच्या मुंजीत संपला. पण मे महिना म्हणजे माळ्यावरचे दिवाळी अंक, ऐन उकाड्यात. कसर लागलेले, पानं काढली की भुगा. मामी आंबा खाल्लेले हात हुंगून बघायची, मगच अंक द्यायची. ते संपले की मामाच्या नावावर नगर वाचनालय. १८२८चं आहे ते, मामाला त्याचा केवढा अभिमान, जणू स्वतःच बांधलंय. बाकी फणसाच्या दिवसांत मामी सांदणं करायची, तशी कुठे खाल्ली नाहीत. बाकीचं नंतर, कुकर झाला

नवीन सभासद
भिलारला जूनमध्ये जावं का? राहायची सोय होते?

धागाकर्ती
लोकांच्या घरी होते, आधी फोन करून जा. जूनअखेरीस धुकं इतकं की समोरचं घर दिसत नाही. वाचायला झकास, कपडे मात्र वाळणार नाहीत.

लोकलप्रवासी
@माळ्यावरची सांदणं बरक्या फणसाची ना? कृती टाका की

माळ्यावरची
बरक्याचीच. तांदळाचा रवा घ्यायचा, पीठ नाही. टाकते रात्री.