कॅल्शियम नॉर्मल, मग पीटीएच का वाढलं?

वर विचारलंय की डायलिसिसवरच्या रुग्णाचं कॅल्शियम नॉर्मल असताना पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन) एवढं कसं वाढलं. अहो, ते नॉर्मल दिसतं तेच मुळी पीटीएच हाडांतून कॅल्शियम ओढून आणतं म्हणून! किडनी निकामी झाली की फॉस्फरस साठतो, ड जीवनसत्त्व सक्रिय होत नाही, आणि मानेतल्या त्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी पीटीएच बनवायच्या सतत कामाला जुंपल्या जातात. डायलिसिसवर पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या साधारण २ ते ९ पट चालवून घेतात; सुट्या आकड्यापेक्षा तो चढतोय का, ते बघा.

फॉस्फेट बाइंडर (जेवणातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी) मात्र जेवणासोबतच. रिकाम्या पोटी घेतलेली गोळी जवळपास वाया (हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही). या ग्रंथी काढायचं ऑपरेशन झालंच, तर नंतर कॅल्शियम धाडकन उतरू शकतं. ओठांना, बोटांना मुंग्या आल्या तर लगेच डॉक्टरांना कळवा.