जुन्या पीसीला एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवाली डिस्क) टाकायची आहे, बजेट साडेतीन हजार. काय घेऊ?

सेवाकेंद्र_अडावद

नमस्कार मंडळी. अडावदला (ता. चोपडा) माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, विद्यापीठाचे फॉर्म, पीक विमा, जोडीला झेरॉक्स. पीसी जुना आहे: आय-थ्री ३२२०, एच-६१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबते, दुकान झाडून होतं, अगरबत्ती लावून होते, तरी स्क्रीनवरचं चक्र फिरतंच असतं. केळीच्या विम्याची मुदत जवळ आली की बाहेर रांग लागते आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००%. लोक मलाच बोलतात.

एका दुकानदाराने सांगितलं, एनव्हीएमई (जास्त वेगाची एसएसडी) घ्या, सेकंदाला ३५०० एमबीचा स्पीड आहे. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी केली तर तिथे साधी २४० जीबीची दाखवली. ऑनलाइन तर १ टीबीची हजाराच्या आत दिसते. तिघांपैकी खरं कोण? अजून एक अडचण म्हणजे मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे, त्याची सीडी आता सापडत नाही. त्यामुळे फॉरमॅट मारून चालणार नाही.

पेंग्विन_धुळे

ताई, एसएसडी नंतर घ्या, आधी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, हलकं आहे, व्हायरसची कटकट नाही. माझा याहून जुना लॅपटॉप त्यावर मस्त चालतो.

आप्पा_अमळनेर

पेंग्विनभाऊ, तुमचं म्हणणं घरच्या मशीनसाठी बरोबर. ताईंच्या टेबलावर अंगठ्याचं मशीन आहे, डिजिटल सहीचं टोकन आहे, वर ते टायपिंगचं सॉफ्टवेअर. हे बठ्ठं लिनक्सवर चालवायला बसलं तर विम्याची मुदत निघून जाईल. आणि डिस्क तीच राहिली तर मिंटसुद्धा रडतखडतच उठेल.

ताई, मी अमळनेरला रिपेअरिंगच करतो, तुमच्यासारखे पीसी रोज समोर येतात. सरळ सांगतो.

एनव्हीएमई तुमच्यासाठी नाही. ती जिथे बसते तो एम.२ चा स्लॉटच एच-६१ च्या बोर्डावर नसतो. कार्ड लावून बसवता येते, पण हे जुने बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) त्यावरून बूट करत नाहीत. तुम्हाला अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कसारख्याच केबलवर चालणारी, लागेल, गोलाणीवाल्याने दाखवली तीच जात.

आता कोणीतरी म्हणेल की एच-६१ चा साटा पोर्ट ३ गिगाबिटचा, सेकंदाला ५५० एमबीचा ड्राइव्ह तिथे २७० च्या आसपासच पळेल, मग पैसे वाया. अजिबात नाही. तुमचा पीसी मोठी फाइल ओढताना अडकत नाही, हजारो बारीक तुकडे शोधताना अडकतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० चकरा मारते, म्हणजे एका चकरेला ८.३ मिलिसेकंद. हवा तो तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धी चक्कर वाट पाहायची, त्याआधी हेड त्या पट्ट्यावर सरकायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एका तुकड्यामागे १२-१३ गेले. सेकंदाला जेमतेम ७५-८० तुकडे! विंडोज उठताना, क्रोम उघडताना, मागे अपडेट चालू असताना असे तुकडे मागणारे दहा जण एकदम उभे राहतात, म्हणून ते १००%. एसएसडीत फिरणारं काहीच नाही. साधीतली साधी असली तरी सेकंदाला हजारोंनी तुकडे देते, आणि त्याला ३ गिगाबिटचा पोर्ट आडवा येत नाही. म्हणून खोक्यावरचा स्पीडचा आकडा बघून एसएसडी घेऊ नका. तो आकडा मोठ्या फायलींचा असतो.

किती जीबी? २४० किंवा २५६. १२० घेऊ नका, विंडोज आणि त्याचे अपडेट तीच खाऊन टाकतात. ४८० बजेटमध्ये बसली तर छान, पण तुमची जुनी डिस्क डेटासाठी आत राहणारच आहे, तेव्हा गरज नाही.

कंपनी कोणती यावर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. क्रुशियल बीएक्स५००, किंग्स्टन ए४००, डब्ल्यूडी ग्रीन, या वर्गातलं जे पक्क्या बिलावर मिळेल ते घ्या. या सगळ्या डीरॅम नसलेल्या, म्हणजे कोणता डेटा कुठे ठेवलाय याचा नकाशा ठेवायला वेगळी मेमरी नसलेल्या. एकदम ५०-६० जीबीचे लग्नाचे व्हिडिओ ओतले तर मध्येच दम लागतो. सातबाऱ्याच्या पीडीएफला काय फरक पडणार? सॅमसंग ८७० इव्होत डीरॅम आहे, ५ वर्षांची वॉरंटी आहे, पण बजेट मोडेल. क्रुशियलचं एक लक्षात ठेवा: हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करत असल्याचं त्याची मालक कंपनी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलंय. वॉरंटी पाळू असंही म्हटलंय. एकूणच मेमरीचे भाव चढलेत, त्यामुळे मागच्या वर्षीचं कुणाचं बिल बघून दुकानात भांडू नका.

आयुष्याची काळजी करू नका. बीएक्स५०० च्या २४० ला कंपनी ८० टीबी लिहिण्याची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं तरी ४००० दिवस, म्हणजे अकरा वर्षांच्या आसपास. सेवा केंद्रात रोज २० जीबी कुठून येणार?

उरलेल्या पैशात मोठी एसएसडी नको, रॅम घ्या. ४ जीबीची जुनी डीडीआर३ स्टिक गोलाणीत सेकंडहँड मिळते. ती डेस्कटॉपचीच हवी, लॅपटॉपची आखूड असते, बसणार नाही. ८ जीबी झाली की क्रोमच्या आठ-दहा टॅबना जागा होते. आणि यूपीएसची बॅटरी जिवंत आहे का ते बघा! आपल्याकडे लाईट जाते ती सांगून जात नाही. स्वस्त एसएसडीत वीज तुटली तर सावरायला काही सोय नसते, लिहिता लिहिता तुटली की कधी कधी तो नकाशाच बिघडतो आणि ड्राइव्ह दिसेनासा होतो.

शिरपूरकर

आप्पा, ती हजाराच्या आतली १ टीबी? मी पण बघून ठेवलीय.

आप्पा_अमळनेर

नका घेऊ भो. असली एक गिऱ्हाईक घेऊन आलं होतं, बाहेरून लावायची. झाकण उघडलं तर आत मेमरी कार्ड गरम गोंदाने चिकटवलेलं, आणि वजन वाटावं म्हणून एक लोखंडी पट्टी. विंडोजमध्ये १ टीबीच दिसत होती, कारण आतल्या चिपला तसं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की नवीन फायली जुन्यांवर लिहिल्या जातात. नावं दिसतात, उघडत काहीच नाही. घेतलीच असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते ड्राइव्ह पूर्ण भरतं आणि परत वाचून बघतं. परत करायची मुदत संपायच्या आत चालवा.

सेवाकेंद्र_अडावद

आप्पा, खूप धन्यवाद. आता बसवायचं कसं तेही सांगा. इथे येऊन कोणी करून देत नाही, भाचा बारावीला आहे, तो करेन म्हणतो.

आप्पा_अमळनेर

भाचा करेल, स्क्रू चार आहेत. खरं काम बसवण्याआधी आहे.

पहिलं, जुनी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. निळं दिसलं तर ठीक. पिवळं दिसलं आणि सी५ च्या ओळीत, म्हणजे पेंडिंग सेक्टरमध्ये (नीट वाचता न येणाऱ्या जागा), शून्याऐवजी आकडा असेल तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची एसएसडीवर जशीच्या तशी नक्कल, करताना तिथेच अडकेल. तसं असेल तर आधी कामाचे फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या, बाकी नंतर.

दुसरं, बायोसमध्ये साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बघा. या जुन्या बोर्डांवर तो बऱ्याचदा आयडीई या जुन्या पद्धतीवर असतो. एसएसडीला एएचसीआय हा नवा मोड हवा. पण नुसता बदलला तर विंडोज निळा स्क्रीन दाखवून बसेल, कारण त्याला त्या ड्रायव्हरने उठायची सवय नाही. म्हणून आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून सेफ बूटवर टिक करा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये शिरून एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये उठलं की टिक काढा, पुन्हा रीस्टार्ट. सुरळीत उठतं. हे जुन्या डिस्कवरच करून घ्या, क्लोन नंतर. सेफ मोडमध्ये पासवर्ड विचारेल, तो भाच्याला आधी देऊन ठेवा. पिन चालेलच असं नाही.

क्लोनसाठी क्रुशियल किंवा डब्ल्यूडी घेतली तर कंपनीच्या साइटवरून ॲक्रोनिसची त्यांची आवृत्ती मिळते. क्लोनझिला फुकट आहे, पण नवा ड्राइव्ह जुन्यापेक्षा लहान असला की ते हटून बसतं, भाच्याचं डोकं फिरेल. पूर्ण ५०० जीबी न्यायची गरज नाही, सी ड्राइव्ह न्या, डी तिथेच राहू द्या. क्लोन झाला की पीसी बंद करा, जुन्या डिस्कची केबल काढा, आणि फक्त एसएसडीवर पहिल्यांदा उठवा. दोन्ही लावून उठवलं तर विंडोज दोन सारख्या सी बघून गोंधळतं.

कॅबिनेटमध्ये अडीच इंचाची जागा नसेल तर पट्टी मिळते, नाहीतर दुहेरी टेप लावा. हलणारं काही नाही, टेपवर वर्षानुवर्षं बसते. एसएमपीएसला (पीसीला वीज देणारा डबा) साटाची जादा पॉवर पिन नसेल तर जुन्या चार पिनांचं कन्व्हर्टर लागेल. तारा प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेलं स्वस्त कन्व्हर्टर घेऊ नका, ते आतून तापून जळतात. पिना वेगळ्या दिसतात ते घ्या.

भुसावळ_४६_डिग्री

आमच्याकडे मे महिन्यात नळालाही गरम पाणी येतं. एसएसडीला हे ऊन चालतं का?

आप्पा_अमळनेर

चालू असताना चालतं. या ड्राइव्हना ७० डिग्रीपर्यंतची मुभा असते, आणि साटावाल्या फारशा तापतही नाहीत. कॅबिनेटमधली धूळ मात्र दिवाळीला तरी काढा. भीती वेगळीच आहे: बंद करून कपाटात ठेवलेली एसएसडी. चिपमधला विजेचा भार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेत जास्त झिरपतो. जेडेक या संस्थेचं मोजमाप असं की साध्या वापराच्या ड्राइव्हने, पूर्ण वापरून झाल्यावरही, विजेशिवाय ३० डिग्रीला एक वर्ष डेटा धरला पाहिजे. आपल्या पत्र्याच्या खोलीत ३० डिग्री कधी असतं? बॅकअप कपाटात ठेवायचा तर जुन्या हार्ड डिस्कवरच ठेवा.

पेंग्विन_धुळे

आप्पा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला हे विसरू नका. आणि या आय-थ्रीवर ११ अधिकृतपणे बसत नाही, त्याला आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो.

आप्पा_अमळनेर

हे मात्र खरं बोललात. ताई, सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवायचा पर्याय येतो, तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मशीन बदलाल तेव्हा ही एसएसडी काढून नव्यात लावता येते, म्हणून पैसे अडकत नाहीत.

सेवाकेंद्र_अडावद

किंग्स्टनची २४० मिळाली, रॅम पण घेतली. सेफ मोडचं तुम्ही सांगितलं तसंच झालं. एका मित्राच्या सॉफ्टवेअरने भाच्याने फक्त सी क्लोन केली. आता एसएसडीवरून उठवलं तर काळ्या स्क्रीनवर बूटएमजीआर मिसिंग येतंय. जुनी डिस्क लावली की सगळं ठीक.

आप्पा_अमळनेर

सीच्या आधी एक छोटं पार्टिशन असतं, सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचं, काहीशे एमबीचं. त्याला अक्षर नसतं म्हणून माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. उठायची चावी तिथे असते. क्लोन पुन्हा करा, त्यावरही टिक करा.

सेवाकेंद्र_अडावद

उठला! विंडोजचं चिन्ह येतं आणि लगेच पासवर्ड मागतो. भाचा म्हणतो आता मला जळगावला नेऊन पावभाजी द्या. पण जुनी डिस्क परत लावल्यावर डीचं ई झालंय आणि टायपिंगचं सॉफ्टवेअर फॉन्टचं फोल्डर सापडत नाही म्हणतं.

आप्पा_अमळनेर

जुन्या डिस्कवरची सी मध्ये घुसली असेल आणि डीचं अक्षर तिने घेतलं असेल. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. जुन्या सीचं अक्षर काढून टाका, मग ईवर राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटरमध्ये डी द्या. जुनी सी पुसायची घाई करू नका, महिनाभर राहू द्या. आणि डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज उघडून एसएसडीपुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलंय का तेवढं बघा. तसं असेल तर ट्रिम (पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करण्याचं काम) आपोआप चालतं, हात लावायचा नाही.