डायनासोर आणि जीवाश्मांवरची बालगीतं: नावं तालात कशी बसवायची, आकडे किती अचूक ठेवायचे?

गाणंवाला_सर

६ ते ८ वयोगटासाठी डायनासोर आणि जीवाश्मांवर चार छोटी गाणी बांधायची आहेत. हार्मोनियम आणि ढोलकी, ताल शक्यतो केरवा (आठ मात्रांचा). अडचणी अशा:

१. स्टेगोसॉरस चार अक्षरांत बसतो, ब्रॅकिओसॉरसला पाच लागतात. प्रत्येक नावासाठी चाल बदलावी लागते.
२. जीवाश्म कसा तयार होतो हे कडव्यात सांगायला गेलं की गाणं राहत नाही, धडा होतो.
३. ‘कोटी वर्षांपूर्वी’ या शब्दांनी मुलांच्या डोक्यात काहीच उभं राहत नाही.
४. टी-रेक्सची (टायरॅनोसॉरसची) डरकाळी आली की मुलं किंचाळतात आणि पुढची ओळ बेसूर होते.

शिवाय शब्दांत शास्त्राच्या कोणत्या चुका हमखास शिरतात, तेही सांगा.

---

समेवर_सॉरस

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका नियमात आहे: नाव समेपासून (तालाच्या पहिल्या मात्रेपासून) सुरू करू नका, नावातलं जोराचं अक्षर समेवर आणा. ‘-सॉरस’वाल्या सगळ्या नावांत जोर ‘सॉ’वर असतो. तो पहिल्या मात्रेवर ठेवा आणि आधीची अक्षरं मागच्या आवर्तनाच्या (आठ मात्रांच्या फेरीच्या) शेपटीत टाका. ‘स्टे-गो’ ७ आणि ८ वर, ‘सॉ’ समेवर. ‘ब्रॅ-कि-ओ’, ‘टाय-रॅ-नो’, ‘अँ-कि-लो’ हे ६, ७, ८ वर, पुन्हा ‘सॉ’ समेवर. चाल तीच राहते, फक्त उचल एक मात्रा आधी होते.

बाकीचीही याच हिशोबाने बसतात. ट्रायसेराटॉप्समध्ये ‘ट्राय’ आठव्या मात्रेवर आणि ‘से’ समेवर. वेलॉसिरॅप्टरमध्ये ‘वे-लॉ-सि’ ६ पासून आणि ‘रॅप’ समेवर. नाव समेपासून सुरू केलं तर ‘स्टे’वर जोर येतो, शेवटचं ‘रस’ कुठेतरी लोंबकळतं आणि मुलं ते गिळतात.

नाव शक्यतो एकाच सुरावर ठेवा, फार तर दोन. अनोळखी शब्द आणि सुरांची उडी एकाच वेळी दिली की दोन्ही बिघडतात. लय मिनिटाला ९० ते १०० मात्रा, एका मात्रेला नावाचं एक अक्षर. दुगुणीत (दुप्पट वेगात) नावं घेतली की नुसता ‘सॉस-सॉस’ ऐकू येतो.

यमकासाठी ‘सॉरस’ला ‘सॉरस’ जोडू नका. फुकट मिळतं म्हणून मोह होतो, पण चार ओळींनंतर कुठला प्राणी कुठला तेच कळत नाही. यमक क्रियापदावर घ्या, नाव ओळीच्या मध्ये.

आणि ‘जीवाश्म’ हा शब्द ओळीच्या शेवटी लांबवायला ठेवू नका. ‘श्म’वर सूर धरता येत नाही, मुलं ‘जीवाश’ म्हणून सोडून देतात. ‘जीवाश्माची’, ‘जीवाश्माला’ अशी रूपं घ्या, ‘श्मा’चा आकार खुला मिळतो.

---

गाळाचा_खडक

दुसऱ्या प्रश्नासाठी साखळीगीत करा. प्रत्येक फेरीत एक थर वाढतो. पण नवी ओळ शेवटी जोडायची नाही, सुरुवातीला जोडायची, कारण नवा थर वरच बसतो. शेवटच्या फेरीत असं होईल:

*राखेखाली वाळू, वाळूखाली गाळ,*
*गाळाखाली हाड निजलंय किती काळ!*

मग उत्खननाचं कडवं. तेच गाणं, पण प्रत्येक फेरीत वरचा एक थर कमी करत शेवटी नुसतं ‘हाड!’. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना, ही गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. हाडावर तीनच थर ठेवा. पाच-सहा केले की क्रम चुकतो, आणि इथे क्रम चुकला तर शास्त्रच चुकलं.

मधलं कडवं मात्र नीट लिहा. ‘हाडाचा झाला दगड’ ही ओळ जवळजवळ प्रत्येक जण लिहितो, आणि मुलांना ती जादू वाटते. बहुतेक वेळा घडतं ते असं: शरीर लवकर गाळाखाली गाडलं जातं, मांस कुजून जातं, हाडातल्या बारीक छिद्रांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपतं, आणि सिलिका किंवा कॅल्साइट तिथे साचतं. कधीकधी मूळ हाडाची जागाही खनिज घेतं. गाण्यात एवढं पुरे:

*पाणी झिरपलं, खनिज मुरलं, छिद्र-छिद्र भरलं,*
*हाडाचं रूप मात्र तस्संच उरलं.*

‘लवकर’ हा शब्द कुठेतरी यायलाच हवा. उघड्यावर पडलेलं हाड प्राणी चघळतात, ऊन-पाऊस त्याचा भुगा करतात. म्हणून तर बहुतेक प्राण्यांचे जीवाश्म झालेच नाहीत.

चौथं गाणं पाऊलखुणा, अंडी आणि वाळलेल्या शेणाच्या जीवाश्मांवर करा. शेणाचं कडवं मुलं आपणहून पाठ करतात, त्यासाठी वेगळी मेहनत नको.

---

मात्रा_दहा_लाख

तिसऱ्यासाठी ‘कोटी’ शब्दाच्या नादी लागू नका, काळ मोजून गा. एक मात्रा म्हणजे १० लाख वर्षं, म्हणजे केरव्याचं एक आवर्तन ८० लाख वर्षांचं. ढोलकी सुरू झाली ते साधारण २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी. मग डायनासोरांच्या युगाचे तीन कालखंड आणि त्यानंतरचा काळ:

ट्रायासिक: ६ आवर्तनं
ज्युरासिक: ७ आवर्तनं
क्रिटेशस: १० आवर्तनं
डायनासोरांचं युग संपवणारी उल्का आदळल्यापासून आजपर्यंत: ८ आवर्तनं

एकूण ३१ आवर्तनं, २४८ मात्रा. मिनिटाला ९६ च्या लयीत दोन मिनिटं पस्तीस सेकंद. पूर्ण आवर्तनात बसवताना इकडेतिकडे दोन-तीन मात्रांचा फरक पडतो, तो चालेल.

आता प्राणी त्यांच्या जागी टाका. पहिले डायनासोर तिसऱ्या आवर्तनात येतात, त्याआधी ठेका रिकामा जाऊ द्या. स्टेगोसॉरस ज्युरासिकच्या शेवटच्या आवर्तनात. टी-रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स क्रिटेशसच्या अगदी शेवटच्या दोन मात्रांत, त्यामुळे तिथे नाव घ्यायला वेळच नसतो; एक मूल नुसती उडी मारतं. स्टेगोसॉरस ते टी-रेक्स दहा आवर्तनं, टी-रेक्स ते आपण आठच. चित्रात हे दोघे शेजारी उभे दिसतात, त्याची दुरुस्ती ठेक्यातच होते. आपली माणसांची जात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे शेवटच्या मात्रेचा तिसरा हिस्सा. एक चुटकी, संपलं.

घात होतो लयीत. मुलं उत्साहाने लय वाढवतात आणि मोजमापाचा अर्थ जातो. या गाण्याला ढोलकीवाल्याने मुलांच्या मागे जायचं नाही, मेट्रोनोम (ठोके देऊन लय राखणारं यंत्र) लावायचा.

---

गाणंवाला_सर

आवर्तनांचा हिशोब फारच आवडला. एक शंका: उल्केचा आकडा ‘साडेसहा कोटी’ घेतला तर चालेल का? म्हणायला सोपा आहे.

---

गाळाचा_खडक

साडेसहा कोटी म्हणजे ६५ दशलक्ष, हा जुना आकडा. आता ६६ दशलक्ष धरतात, म्हणजे ६ कोटी ६० लाख. गाण्यात सोय म्हणून जुना आकडा ठेवायला माझा विरोध आहे. पाठ झालेला आकडा जन्मभर जात नाही. आणि ‘६६ कोटी’ तर नकोच! इंग्रजी मजकुरावरून घेताना दहापट चूक हमखास होते.

---

समेवर_सॉरस

म्हणायलाही तोच सोपा आहे. स-हा-को-टी-सा-ठ-ला-ख, बरोबर आठ मात्रा. समेवर ‘स’, पाचव्या मात्रेवर (‘खाली’च्या जागी) ‘सा’. आयतं आवर्तन मिळतंय, साडेसहा कशाला?

---

पोकळ_तुरा

डरकाळीचं बघू. टी-रेक्स सिंहासारखी डरकाळी फोडायचा याला पुरावा नाही. मगरी आणि कित्येक पक्षी तोंड मिटून, गळा फुगवून खर्जातला आवाज काढतात, आणि काही डायनासोरही तसंच करत असावेत असा अंदाज आहे. म्हणून डरकाळीच्या जागी मिटल्या ओठांनी ‘म्म्म’ घ्या, खालच्या सा वर, चार मात्रा. घसा ताणला जात नाही आणि पुढच्या ओळीला षड्ज कानात तयार असतो. ओरडल्यावर मुलं पुढची ओळ चढी उचलतात, तुमची बेसूरपणाची तक्रार बहुधा तीच असेल.

पट्टीही तपासा. मोठी माणसं स्वतःच्या सोयीच्या पट्टीत गाणं बांधतात आणि मुलं खाली गुरगुरत राहतात. या वयाला मध्य सप्तकातली पांढरी २ किंवा पांढरी ३ (हार्मोनियमची दुसरी किंवा तिसरी पांढरी पट्टी) घ्या आणि चाल सा ते ध मध्येच ठेवा. तार सा टाळा. श्वास दर आवर्तनाला.

पॅरासॉरोलोफस या डायनासोरला एक कडवं द्याच. त्याच्या डोक्यावरच्या लांब तुऱ्यात पोकळ नळ्या होत्या, नाकपुडीतून मागे जाऊन परत वळणाऱ्या. तुरा आवाज घुमवण्यासाठी होता असं मानतात. प्लास्टिकचे दोन पाइप घ्या, एक १ मीटरचा, एक अर्ध्या मीटरचा. तोंडावर तळव्याने थाप मारली की छोटा जवळपास एक सप्तक वर वाजतो. लांब नळी, खालचा सूर. पाइपच्या कडा आधी कानशीने घासून घ्या.

शब्दांतल्या नेहमीच्या चुका:

उडणारा टेरॅनोडॉन, समुद्रातले प्लेसिओसॉर आणि मोसासॉर हे डायनासोर नाहीत. ‘उडणारे डायनासोर’ म्हणायचं तर पक्षी घ्या, ते खरोखरच डायनासोरांचे वंशज. त्यामुळे ‘सगळे मेले’ ही ओळही खोडा. पाठीवर शीड असलेला डायमेट्रोडॉन तर वरच्या हिशोबात ठेका सुरू होण्याआधीच संपलेला. वेलॉसिरॅप्टर माणसाएवढा नव्हता, कमरेशी जेमतेम अर्धा मीटर. त्याच्या हाडावर पिसांच्या खुणाही २००७ मध्ये नोंदवल्या गेल्या. ब्रॉन्टोसॉरस हे नाव १९०३ मध्ये ॲपॅटोसॉरसमध्ये विलीन झालं आणि २०१५ च्या एका अभ्यासाने परत वेगळं काढलं. त्यावर अजून सगळ्यांचं एकमत नाही, तेव्हा ब्रॅकिओसॉरस घ्या आणि भांडण टाळा.

---

मात्रा_दहा_लाख

पाइपची थाप काळाच्या गाण्यात उल्केसाठी वापरता येईल. फक्त लांब पाइप, एकदाच, आणि त्यानंतर एक आवर्तन ढोलकी बंद. मुलांनी त्या आठ मात्रा बोटांवर मोजायच्या, नाहीतर पुढची उचल हमखास लवकर येते.