सोसायटीची हार्ड डिस्क आणि फोटोंचा पसारा

बी-४०२ (सेक्रेटरी): मंडळी, जुन्या कमिटीकडून हार्ड डिस्क मिळाली. २०१५ च्या सिंहस्थापासूनचे फोटो आहेत. गणपती, रंगपंचमीची रहाड, सगळं 'न्यू फोल्डर'मध्ये कोंबलंय. कोण लावून देईल?

ए-१०१: गूगल फोटोजवर टाका ना सगळं. हाय काय अन् नाय काय.

सी-२०३ (काकू): अरे दादा, जून २०२१ पासून तिथे फुकट म्हणजे १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्ह धरून. तेवढे तर नुसते आरतीचे व्हिडिओ निघतील. मी घरी डिजिकॅम नावाचं फोटो लावायचं सॉफ्टवेअर वापरते. पैसे लागत नाहीत, विंडोजवर चालतं, फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात.

ए-१०१: फोटो लावायला गूगलचं पिकासा काय छान होतं काकू.

सी-२०३ (काकू): होतं खरं. २०१६ मध्ये गूगलने बंद केलं, आणि माणसांना दिलेली नावं बऱ्याच जणांची तिथेच राहिली, कारण ती फोटोत नव्हतीच, पिकासाच्या स्वतःच्या नोंदीत होती. म्हणून नवीन सॉफ्टवेअर घेतलं की मी आधी एकच बघते: आपण लिहिलेलं फोटोच्या फाइलमध्ये जातंय का? डिजिकॅमच्या सेटिंगमध्ये 'मेटाडेटा' (फोटोबद्दलची माहिती) आहे, तिथे टॅग, म्हणजे फोटोला आपण जोडलेली नावं, फाइलमध्ये लिहायची खूण करायची. उद्या डिजिकॅम काढून टाकलं तरी टॅग फोटोबरोबर राहतात. बाकी बटणं हळूहळू कळतात.

बी-४०२ (सेक्रेटरी): टॅग कशाला काकू? फोल्डर पुरे की.

सी-२०३ (काकू): ऑगस्ट २०१९ च्या पुराचा एक फोटो आहे. गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पाण्यात, पुढे आमचे हे छत्री धरून, शेजारी तुमचे बाबा. कुठल्या फोल्डरात घालणार? फोल्डर एकच, '२०१९-०८ गोदावरी पूर'. वर्ष आधी लिहिलं की आपोआप क्रमाने लागतात. माणसं आणि जागा टॅगमध्ये. मग बाबांचं नाव दाबलं की सगळ्या वर्षांतले बाबा समोर.

डी-३०१: व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांच्या तारखा चुकीच्या दिसतात वहिनी, माझ्याकडे सगळे एकाच दिवशीचे झालेत 😅

सी-२०३ (काकू): व्हॉट्सअ‍ॅप फोटोतली तारीख काढून टाकतं, मग सॉफ्टवेअर फाइल कॉपी झाल्याची तारीख धरून बसतं. पण अँड्रॉइडवर फाइलच्या नावात असते बघा, आयएमजी-२०१९०८०४ अशी. डिजिकॅमच्या 'टाइम अ‍ॅडजस्ट'मध्ये नावावरून तारीख घ्यायला सांगायचं. ती मात्र फोटो आल्याची तारीख, काढल्याची नव्हे. आणि यापुढे कार्यक्रमाचे मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होऊन येतात.

ए-१०१: एकच गणपती दहादा आलाय, ते?

सी-२०३ (काकू): डुप्लिकेट शोधायची सोय आहे. पण आधी अख्ख्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर कॉपी. त्याशिवाय मी एकही फोटो उडवणार नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

बी-४०२ (सेक्रेटरी): डिस्क सोसायटीच्या खर्चातून घेतो. पाणीपट्टीची बिलं, एजीएमची इतिवृत्तं पण त्यातच?

सी-२०३ (काकू): नाही हो, डिजिकॅम फोटो-व्हिडिओसाठी. कागदांना साधे फोल्डर, आर्थिक वर्षाप्रमाणे. फाइलचं नाव '२०२४-०६ पाणीपट्टी', 'स्कॅन००१' नको. रविवारी अकराला क्लब हाउसमध्ये बसू. डी-३०१, तुमचा लॅपटॉप आणा, माझा जुना झालाय.