ग्रहणकारी, पिधानकारी की झाकोळतारा?

धागाकर्ता: आमच्या आकाशनिरीक्षण गटासाठी मराठीतून दोन तासांचं सत्र घेतोय. टेस या अवकाश दुर्बिणीच्या विदेत (म्हणजे डेटात) असे तारे कसे हुडकायचे, जे जोडीने फिरताना आळीपाळीने एकमेकांना झाकतात आणि त्यामुळे ठरावीक काळाने मंद होतात. इंग्रजीत ‘इक्लिप्सिंग बायनरी’. मराठीत ‘ग्रहणकारी द्वैती’, ‘ग्रहणी तारे’, ‘पिधानकारी युग्मतारा’ असं काय काय वाचलंय. पहिल्याच स्लाइडवर अडलोय. ग्रहण म्हणू की पिधान?

शब्दखोर: ‘ग्रहणी’ तेवढं टाळा हो. आयुर्वेदात तो आतड्याचा भाग, आणि तो बिघडला की होणारा रोगही. ताऱ्याला संग्रहणी झाली म्हणतील पोरं.

‘पिधान’ म्हणजे झाकणं. मूळ ‘अपिधान’, त्यातला ‘अ’ गळला. अर्थाने चपखल आहे, पण चंद्राने एखादा तारा झाकला की आपण पिधान म्हणतो. त्या दोघांचं काही नातं नसतं, आपल्या नजरेच्या रेषेत आले इतकंच. इथे जोडपं आहे. माझं मत साध्या मराठीला. ‘झाकोळणे’ हे क्रियापद आपल्याकडे आहेच, मग ‘झाकोळतारे’ का नको?

घटिकापात्र: झाकोळ ढगांचा. कधी येईल, किती वेळ राहील, कुणी सांगावं? ग्रहणाला गणित असतं, आणि या ताऱ्यांची सगळी गंमत गणितातच आहे. ययाती समूहातला अल्गोल घ्या. २ दिवस २० तास ४९ मिनिटं झाली की पुन्हा मंद. इंग्लंडात यॉर्कला राहणाऱ्या जॉन गुडरिकने १७८२-८३ मध्ये नुसत्या डोळ्यांनी हे आवर्तन पकडलं आणि एखादी काळी वस्तू ताऱ्यासमोरून जात असावी असं सुचवलं. वय १८, आणि त्याला ऐकू येत नव्हतं. (ताऱ्यावर डाग असतील, हाही पर्याय त्याने खुला ठेवला होता.)

म्हणून ‘ग्रहण’च. आणि ग्रहण घेतलंत की पंचांगाची अख्खी शब्दसंपत्ती फुकट मिळते. झाकणारा तो छादक, झाकला जाणारा तो छाद्य. प्रकाश उतरू लागला की स्पर्श, पुरता झाकला की संमीलन, मग मध्य, उन्मीलन, शेवटी मोक्ष. स्पर्शापासून मोक्षापर्यंत पर्वकाळ. अल्गोलचा पर्वकाळ दहाएक तासांचा. सारथी समूहातल्या एप्सायलॉन ऑरिगीचं ग्रहण २७ वर्षांनी लागतं आणि पर्वकाळ जवळजवळ दोन वर्षं! मागचं २००९ ते २०११ मध्ये होऊन गेलं. नवे शब्द पाडण्याची हौस कशाला?

उत्तररात्र: मी हे प्रकाशवक्र, म्हणजे ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचे आलेख, रोज बघते, म्हणून दोन ठिकाणी टोकते.

एक, अल्गोलचं मुख्य ग्रहण खंडग्रास आहे. त्याला संमीलन नाही आणि उन्मीलनही नाही. उदाहरण तेच ठेवणार असाल तर हे दोन शब्द गाळा.

दुसरी अडचण जास्त अवघड. सप्तर्षीतल्या डब्ल्यू ताऱ्याच्या जातीचे जे जोडतारे आहेत, ते एकमेकांना चिकटलेलेच असतात. त्यांचा प्रकाशवक्र सतत वरखाली होत राहतो, सपाट भाग जवळपास नसतोच. तिथे स्पर्श कुठला सांगणार? ते तर जन्मभर स्पर्शातच!

छाद्य-छादक मात्र मला फार आवडले. दर अर्ध्या फेरीला भूमिका बदलतात, आणि ‘मुख्य तारा, दुय्यम तारा’ म्हटल्यावर विद्यार्थ्यांचा जो घोळ होतो तो होत नाही. त्यांना वाटतं, मोठा तारा झाकला गेला की प्रकाशवक्रातली खाच खोल. तसं नसतं. ज्याचा पृष्ठभाग जास्त तापलेला, तो छाद्य झाला की खाच खोल. अल्गोलमधला थंड सोबती आकाराने मोठा आहे. तो लहान पण तापलेल्या ताऱ्यापुढे येतो तेव्हा प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, २.१ वरून ३.४ वर जाते, म्हणजे प्रकाश तिसऱ्या हिश्श्याहून कमी उरतो. (आकडा वाढला की तारा मंद, हेही एकदा सांगून टाका. ‘पहिल्या प्रतीचा’ म्हणजे उत्तम, एवढं आठवलं की पुरे.)

धागाकर्ता: छाद्य-छादक घेतलेच. आता पुढचं. आवर्तनकाळ कळला की सगळ्या नोंदी एकाच आवर्तनात बसवून काढतात, त्या क्रियेला काय म्हणावं? ‘प्रावस्था-वलन’ वाचलं आणि पुस्तक मिटलं.

उत्तररात्र: आम्ही आपसात ‘घडी घालणे’ म्हणतो. टेस आकाशाच्या एका पट्ट्याकडे साधारण २७ दिवस बघते. त्यात अल्गोलसारख्याची नऊएक ग्रहणं येतात. ती साडीच्या निऱ्यांसारखी एकावर एक बसवली की विखुरलेल्या ठिपक्यांतून खाच नीट उमटते. घडी चुकली की नुसता गोंधळ दिसतो. चिकटलेल्या जोड्यांत दोन्ही खाचा सारख्या खोल असल्या की संगणक फसतो आणि निम्मा काळ सांगतो, आठ तासांच्या जागी चार. तेव्हा घडी एकदा दुप्पट काळाने घालून बघायचीच. गाया या युरोपच्या अवकाश दुर्बिणीच्या २०२२ च्या यादीत ग्रहणकारी जोड्यांचे २१ लाखांहून जास्त उमेदवार आहेत. एकेक डोळ्यांनी कोण तपासणार?

आणि ‘उमेदवार’ हा शब्द सोडू नका. टेसचा एक पिक्सेल आकाशात २१ विकलांचा (एका अंशात ३६०० विकला). त्यात शेजारच्या ताऱ्याचाही प्रकाश सांडतो आणि ग्रहण भलत्याच्याच नावावर लागतं.

घटिकापात्र: ‘घडी’ला मी हरकत घेणार होतो, कारण २४ मिनिटांची घटिका तीही घडीच. पण निऱ्यांनी तोंड बंद केलं. ‘विदा’ मात्र मला अजून पचत नाही, लग्नातली बिदाई आठवते. ‘नोंदी’ म्हणा की.

धागाकर्ता: विदा राहू द्या, गटातल्यांच्या तोंडी बसलाय. तर शीर्षकात ‘ग्रहणकारी तारकायुग्मं’, क्रियापद म्हणून ‘झाकोळणे’ अधूनमधून, आणि स्पर्श-मोक्ष फक्त सुट्या जोड्यांसाठी. चालेल?

शब्दखोर: हरलो, चालेल. पण आमच्या गावाकडे ग्रहण म्हणजे गिराण. मोक्षाची स्लाइड लावलीत की मागच्या रांगेतून ‘दे दान, सुटे गिराण’ ऐकू येणार, तयारी ठेवा. अल्गोलचं तर आठवड्यातून दोनतीनदा सुटतं. इतकं दान आणायचं कुठून?