संधिवात होऊ नये म्हणून प्रोबायोटिक कुठलं घ्यावं? बजेट महिना 500

मुग्धा_कोथरूड: आईला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे, तिची बोटं वाकडी झालीत. आता सकाळी माझीही आखडतात. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापायला कात्री धरवत नाही, तासाभराने हात मोकळा होतो. रक्तात अँटी-सीसीपी (या आजारात सापडणारी अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलंय, सूज अजून दिसत नाही. आतड्यातल्या चांगल्या जीवाणूंनी हा आजार टळू शकतो असं वाचलं. पुण्यात मिळणारं प्रोबायोटिक सुचवा. 500 च्या वर जमणार नाही.

सदाशिवपेठी: 500 मध्ये हल्ली काय येतं? मी फ्रीजमध्ये ठेवायचे इंपोर्टेड सॅशे घेतो, महिन्याला तीनेक हजार जातात. पोट एकदम साफ. संधिवाताचं विचाराल तर मला तो नाहीच.

विद्याताई: घरचं ताक प्या. विकतच्या पावडरींचे चोचले कशाला?

सुंठसाखर: आमवातात दही वर्ज्य सांगितलंय. ताक चालेल, पण लोणी काढलेलं आणि सुंठ घालून.

विद्याताई: आमच्या सासूबाई नव्वदीपर्यंत रोज दहीभात खायच्या आणि पर्वती चढायच्या.

सुंठसाखर: त्यांना आमवात होता का?

विद्याताई: नव्हता. दही खायच्या ना!

गुडघेमोड: मला तिळाच्या तेलाने खूप फरक पडला. आता जिना चढताना कठडा लागत नाही.

निखिल_औंध: काका, तुमची गुडघ्याची झीज आहे. इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उठते, तो आजार वेगळा. मुग्धा, याकुल्ट या आंबवलेल्या दुधाच्या पेयाची ती छोटी बाटली बघ. 65 मिलीत केसी शिरोटा जातीचे 650 कोटी जीवाणू. रोज एक म्हणजे बजेटच्या आसपास बसेल. साखर असते मात्र.

सदाशिवपेठी: माझ्या सॅशेत याहून कितीतरी जास्त असतात.

पेट्री_डिश: आकडा मोठा म्हणजे गुण मोठा असं नसतं, जीवाणूची जात बघावी लागते. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांना नव्याने आजार झालेल्या, उपचार न घेतलेल्या रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला कोप्राय नावाचा जीवाणू जास्त सापडला. आणि 2016 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकवाल्यांनी त्याचाच भाऊबंद प्रिव्होटेला हिस्टिकोला उंदरांना दिला, तर त्यांचा संधिवात कमी झाला! पण ते उंदीर. माणसांत इराणमध्ये 2014 ची चाचणी आहे: 46 बायका, आठ आठवडे, लॅक्टोबॅसिलस केसी 01 जातीचे जीवाणू. आजार थोडा सौम्य झाला. पण त्या सगळ्या आधीच रुग्ण होत्या. निरोगी माणसाला आजार *होऊच नये* म्हणून प्रोबायोटिक चालतं, याला माणसांतला पुरावा नाही.

विद्याताई: म्हणजे ताकच.

अनघा_आर: मला आठेक वर्षं हाच आजार आहे. बाटल्या नंतर, आधी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे संधिवाताचे डॉक्टर. सीसीपी पॉझिटिव्ह आणि सकाळी तासभर हात आखडतो, हे अंगावर काढायचं दुखणं नाही. अशाच, म्हणजे सीसीपी आणि सांधेदुखी असलेल्या लोकांना वर्षभर अ‍ॅबाटासेप्टची (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं दिली तर आजार सुरू व्हायला उशीर होतो, असं 2024 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. इंजेक्शनं थांबवल्यावर फरक कमी होत गेला, तरी उशीर झालाच. ते तुला लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर बंद करायला लाव. हिरड्याही तपासून घे, हिरड्यांच्या आजाराचा याच्याशी संबंध सापडलाय. मी दुखणं आधी तेल चोळून काढलं, तोवर मनगट गेलं.

गुडघेमोड: तेल कुठलं वापरलंत?

निखिल_औंध: +1 ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. फक्त एरंडवण्यात संध्याकाळी जाऊ नका. डॉक्टर वीस मिनिटांत भेटले, पार्किंग चाळीस मिनिटं.

सुंठसाखर: रिक्षाने जावं. मीटरने नेणारा मिळाला तर इथे कळवा.

मुग्धा_कोथरूड: सगळ्यांचे आभार. अनघाताई, मंगळवारची वेळ घेतली, दाताच्या डॉक्टरांनाही फोन केला. तोवर घराखालच्या मेडिकलवाल्याने 380 ची कॅप्सूलची बाटली दिली, ती घेतली. त्याच्या मिसेसना गुण आला म्हणे.

पेट्री_डिश: ही तर कुणीच सुचवली नव्हती! जीवाणू कुठले आहेत?

मुग्धा_कोथरूड: 'मल्टी' लिहिलंय, पुढचं बारीक आहे, वाचवत नाही. पण बजेटमध्ये बसली.

अनघा_आर: मंगळवारी बाटली सोबत घेऊन जा. डॉक्टरांना दाखव आणि विचारूनच पुढे चालू ठेव.

सदाशिवपेठी: फ्रीजमध्ये ठेवायची आहे का तेवढं बघा. माझे सॅशे बर्फात घालून येतात.