मदत हवी आहे: अपराजित विक्रम मोठा की प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा? बॉक्सरांना गुण कसे द्यायचे?

निखळ
उद्या संध्याकाळी यादी द्यायची आहे, म्हणून थेट विचारतो. एक्सेलमध्ये बॉक्सरांना गुण दिलेत. न हरल्याचे गुण धरले की मेवेदर (५०-०, म्हणजे ५० विजय, शून्य पराभव) आणि मार्सियानो (४९-०) सगळ्यांत वर जातात आणि अली (५६-५) पार खाली. हे मला पटत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाला गुण कसे द्यायचे? सूत्र असेल तर सांगा. ‘सगळेच महान’ असली उत्तरं नकोत.

ठाकठोक
कसली यादी? फक्त हेवीवेट की सगळे वजनगट? एकूण कारकीर्द धरताय की ऐन भरातली वर्षं?

मुपो_सांगली
सूत्र कशाला हवं? मार्सियानो वर आहे तो बरोबर आहे. १९५२ मध्ये वॉलकॉटने त्याला पहिल्याच राउंडमध्ये पाडलं, बारा राउंड तो गुणांवर मागे होता आणि तेराव्यात उजव्या हाताच्या एका ठोशात त्याने लढत संपवली. हेवीवेटचा विजेता न हरता निवृत्त होतो आणि परत येत नाही, याला किंमत आहे की नाही?

ठाकठोक
आहे, पण वॉलकॉट तेव्हा ३८ वर्षांचा होता. मार्सियानोने १९५१ मध्ये हरवलेला जो लुई ३७ चा, कर थकल्यामुळे निवृत्तीतून परत आलेला. आर्ची मूर खालच्या वजनगटातला आणि वयाने चाळिशीच्या आसपासचा, तरी त्यानेही मार्सियानोला खाली बसवलं होतं.

मुपो_सांगली
समोर जे होते त्यांच्याशीच लढणार ना! एझर्ड चार्ल्सला १९५४ मध्ये दोनदा हरवलं, ते का सांगत नाही?

मंजिरी_ठाणे
अलीला १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. डोक्यावर इतका मार खाणं चांगलं नाही. मुलांना बॉक्सिंगला घालताना दहादा विचार करा.

मांडवीकाठ
विजेंदर सिंगचं बघा. व्यावसायिक झाल्यावर सलग १२ लढती जिंकला आणि मार्च २०२१ मध्ये आमच्या पणजीत, कॅसिनोच्या जहाजावर, रशियाच्या लोपसानकडून हरला. त्याचं नाव आजही निघतं ते २००८ च्या बीजिंगमधल्या कांस्यपदकामुळे.

निखळ
मंजिरीताई, माझा प्रश्न वेगळा आहे. बाकीच्यांना: सगळे वजनगट, फक्त व्यावसायिक लढती. आमच्या जिमच्या भिंतीवर दहा जणांचा फलक लावायचाय. सूत्र अजून कुणीच दिलेलं नाही!

उलटा_हात
मी असं करतो. प्रतिस्पर्ध्याला गुण लढतीच्या दिवशी तो कसा होता त्यावर द्यायचे: वय, वजन, आधीच्या दोन वर्षांत त्याने कुणाला हरवलं. नाव बघून गुण देऊ नका. मेवेदरने हरवलेला २०१३ चा कानेलो ४२-०-१ (शेवटचा आकडा बरोबरीचा) होता, पण २३ वर्षांचा आणि वजन ठरवून १५२ पौंडांवर उतरवलेला. त्याने हरवलेला २०१५ चा पॅकियाओ ३६ चा, मार्केझने नॉकआउट केल्यानंतरचा. तरी मेवेदरला दोन्हींचे भरपूर गुण द्यावेच लागतात. पन्नासावा विजय मात्र मिश्र मार्शल आर्ट्सवाल्या मॅकग्रेगरवर, बॉक्सिंगमधली त्याची ती पहिलीच व्यावसायिक लढत होती. तिथे शून्य.

पराभवांचेही वेगळे गुण धरा. अलीचे पाच पराभव: फ्रेझर, नॉर्टन, स्पिंक्स, होम्स, बर्बिक. पहिल्या तिघांना त्याने नंतर हरवलं, शेवटचे दोन ३८ आणि ३९ व्या वर्षी. त्यासमोर ४०-० असलेल्या फोरमनला १९७४ मध्ये किन्शासात नॉकआउट केलं. हा एक विजय माझ्या हिशेबात दहा किरकोळ विजयांहून जड आहे.

मुपो_सांगली
म्हणजे हरल्याचेही गुण द्यायचे? मग न हरणाऱ्याने काय मिळवलं?

उलटा_हात
तगडा प्रतिस्पर्धी टाळला नसेल तर पुष्कळ मिळवलं. चावेझ ८७-० असताना १९९३ मध्ये व्हिटेकरसमोर गेला. जजांनी बरोबरी दिली, पण पाहणाऱ्या बहुतेकांच्या मते व्हिटेकर जिंकला होता. चावेझच्या खात्यात तेव्हाही पराभव लागला नाही.

निखळ
हे कामाचं आहे, आजच गुण बदलतो. सध्या पहिले तीन: अली, मेवेदर, मार्सियानो.

ठाकठोक
आणि शुगर रे रॉबिन्सन?

निखळ
१९ पराभव दिसले म्हणून घेतला नव्हता.

ठाकठोक
अहो, १९५२ मध्ये पहिल्यांदा निवृत्त होईपर्यंत तो फक्त तिघांकडून हरला: लामोटा, टर्पिन, मॅक्सिम. लामोटाशी सहा लढती, त्यातल्या पाच जिंकल्या. टर्पिनला दोन महिन्यांत परत हरवलं. बाकीचे १६ पराभव पुनरागमनानंतरचे, शेवटची लढत ४४ व्या वर्षी. फलक छापायला दिला असेल तर आत्ता फोन करून थांबवा.